राजाची कबर, कारागिराचं काम

प्राचीन चीनमधल्या राजांच्या कबरींतून निघालेल्या वस्तूंबद्दल माझं अनेक वर्षं एक ठाम मत होतं. या वस्तू म्हणजे हुकूमशहांच्या अहंकाराचे पुरावे आहेत आणि त्यांचं कौतुक करणं म्हणजे त्या करवून घेणाऱ्यांपुढे पुन्हा एकदा मान तुकवणं आहे, असं मी मानत असे. हे मत मी बोलून दाखवलं, त्यावरून मित्रमंडळींशी तासन्‌तास वाद घातले. आज ते माझं मत राहिलेलं नाही. ते कशानं बदललं आणि कुठपर्यंत बदललं, हे त्या मित्रांसाठी आणि स्वतःसाठीही नीट मांडून ठेवावं, म्हणून हे लिहिते आहे.

मी गिरणगावात वाढले. वडील कापड गिरणीत साचा खात्यात होते. आमच्या चाळीत कुठल्याही किल्ल्याचा, राजवाड्याचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असे: हे उभं राहिलं कुणाच्या घामावर, आणि त्यांच्या पदरात काय पडलं? हा प्रश्न मला वारशात मिळाला आणि तो मी आजही सोडलेला नाही. चीनच्या प्राचीन इतिहासाकडे मी वळले तेव्हा हाच प्रश्न घेऊन वळले, आणि तिथं त्याची उत्तरं भयंकर होती.

१९७४ च्या मार्चमध्ये शिआन शहराजवळ लिंतोंग भागात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना भाजलेल्या मातीच्या माणसांचे तुकडे सापडले. पुढे तीन खड्ड्यांतून जे सैन्य उजेडात आलं, त्याची संख्या आठ हजारांच्या घरात धरतात. त्यातले पुष्कळ सैनिक अजून मातीखालीच आहेत. एकटा पहिला खड्डा २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे. हा सगळा खटाटोप इ.स.पू. २२१ मध्ये सगळा चीन एका छत्राखाली आणणाऱ्या छिन शी ह्वांग या सम्राटाच्या मरणोत्तर रक्षणासाठी होता. त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी लिहिणारा इतिहासकार सिमा छियान सांगतो, की या कबरीच्या कामावर सात लाख माणसं जुंपली होती, आणि सम्राटाला आत ठेवल्यावर तिथली गुपितं जाणणाऱ्या कारागिरांना आतच कोंडून दारं बंद केली गेली. सात लाखांचा आकडा कुणी कमी धरो, कोंडलेल्या कारागिरांची गोष्ट एकदा वाचली की ती मनातून जात नाही.

त्याआधीच्या काळात गेलं तर चित्र आणखी गडद होतं. आन्यांग इथं शांग राजांच्या राजधानीत १९७६ मध्ये चंग चेनश्यांग या पुरातत्त्वज्ञ बाईंच्या नेतृत्वाखाली फू हाओ या राणीची कबर उघडली गेली. काळ इ.स.पू. १२०० च्या आसपासचा. ही राणी सैन्य घेऊन लढाईला जात असे, असं त्या काळच्या भविष्यकथनाच्या हाडांवरचे लेख सांगतात. तिच्याबरोबर काशाच्या ४६८ वस्तू, जेड दगडाच्या ७५५ वस्तू आणि हजारो कवड्या पुरल्या होत्या. शिवाय १६ माणसं आणि ६ कुत्रे. वस्तूंच्या यादीत माणसांचा आकडा असा येऊन बसतो, तेव्हा बाकीच्या आकड्यांकडे बघवत नाही. मी बघत नसे. माझी भूमिका त्या न बघण्यावर उभी होती.

तिला पहिला धक्का बसला तो घंटांमुळे.

हुबेइ प्रांतात सुइचौ इथं १९७७ मध्ये सैन्याच्या एका बांधकामासाठी टेकडी सपाट करताना एक कबर लागली, आणि पुढच्या वर्षी ती उघडली गेली. झेंग नावाच्या छोट्या राज्याचा अधिपती यी याची ती कबर. आत पाणी भरलेलं होतं, आणि त्या पाण्यात एका लाकडी सांगाड्यावर तीन रांगांत काशाच्या ६५ घंटा तशाच टांगलेल्या होत्या. सगळ्यांचं मिळून वजन अडीच हजार किलोंहून जास्त, सर्वांत मोठी एकटी दोनशे किलोंच्या वर. त्यातली एक घंटा छू राज्याच्या राजानं भेट दिलेली, आणि तिच्यावरच्या लेखामुळे तिचं साल कळतं: इ.स.पू. ४३३.

या घंटांचं ध्वनिमुद्रण मी ऐकलं ते केवळ गाण्याच्या आवडीपोटी. आपल्या देवळातली घंटा गोल असते, तिचा नाद घुमतो आणि बराच वेळ रेंगाळतो. अशा नादावर सुरावट वाजवता येत नाही, एका स्वरात दुसरा मिसळून गलका होतो. झेंगच्या घंटा गोल नाहीत. दोन कौलं समोरासमोर ठेवून कडा जुळवाव्यात तसा त्यांचा छेद आहे, दोन्ही बाजूंना टोक असलेला. या आकारामुळे नाद लवकर विरतो आणि पुढच्या स्वराला जागा मिळते. याच आकाराची दुसरी किमया म्हणजे एकाच घंटेतून दोन स्वर निघतात. खालच्या काठाच्या मधोमध ठोका दिला तर एक, जरा बाजूला दिला तर दुसरा. पहिला षड्ज धरला तर दुसरा काही घंटांवर कोमल गंधार, काहींवर शुद्ध गंधार. सगळ्या घंटा मिळून पाच सप्तकांचा पल्ला गाठतात, आणि मधल्या भागात बाराही स्वर हजर आहेत.

हे योगायोगानं घडलेलं असेल, असं म्हणायला जागा नाही. ह्वांग श्यांगफंग या संगीत-अभ्यासकांनी जुन्या घंटांवर दोन स्वर वाजतात हे थोडं आधीच मांडलं होतं आणि ते अनेकांना पटलं नव्हतं. झेंगच्या घंटांवर मात्र दोन्ही ठिकाणी त्या त्या स्वराचं नाव कोरलेलं निघालं. इतकंच नव्हे, तर झेंगमध्ये अमुक नावानं ओळखला जाणारा स्वर छूमध्ये, चौ घराण्याच्या दरबारी किंवा इतर राज्यांत कुठल्या नावानं ओळखतात, हेही तिथं लिहून ठेवलं आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचं संगीतशास्त्र घंटांच्या अंगावर आहे.

मग मी या घंटा ओतल्या कशा, ते शोधू लागले. आपल्याकडे मेणाचा नमुना करून त्यावर माती लेपायची, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा, ही पद्धत परिचयाची. चीनमधल्या ओताऱ्यांनी मुख्यतः वेगळी वाट धरली. आधी मातीचा नमुना, त्यावर ओल्या मातीचे थर दाबून साचा, तो साचा कापून तुकडे, तुकडे वाळवून भाजून पुन्हा तंतोतंत जुळवायचे, आत मातीचा गाभा बसवायचा आणि मधल्या फटीत काशाचा रस सोडायचा. उत्तर चीनमधली पिवळी बारीक माती या कामाला फार सोयीची, कारण तिच्यावर नक्षी बारीक उठते. पण झेंगच्या मोठ्या घंटांसारख्या एका घंटेसाठी साच्याचे शंभराहून अधिक तुकडे जुळवावे लागत. एक तुकडा केसभर सरकला तर भिंतीची जाडी बदलणार, आणि जाडी बदलली की स्वर बिघडणार. कथील जास्त झालं तर घंटा ठिसूळ, कमी झालं तर आवाज बद्द. या घंटांतलं कथिलाचं प्रमाण १२ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान सांभाळलेलं आहे. ओतून झाल्यावरही काम संपत नसे. आतल्या बाजूनं घासून घासून स्वर जुळवायचा, आणि तोही असा, की एक स्वर सुधारताना दुसरा बिघडू नये. त्या घासण्याच्या खुणा आतून आजही दिसतात.

त्या खुणांबद्दल वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की मी आजवर चुकीच्या माणसाकडे बघत होते. झेंगच्या यीला हे काम येत नव्हतं. कुठं आणि किती घासायचं हे ज्याच्या कानाला आणि बोटांना माहीत होतं, तो कुणी तरी दुसराच होता. मी ती वस्तू राजाची म्हणून नाकारत होते, तेव्हा त्या माणसाचं आयुष्यभराचं कामही राजाच्याच खात्यात जमा करत होते. राजानंही तेच केलं होतं.

इथं मला वडील आठवले. मालकाबद्दल त्यांच्या मनात काडीचाही आदर नव्हता, संपात ते शेवटपर्यंत उभे राहिले. तरी दुकानात कापड दिसलं की ते दोन बोटांत चोळून बघत, सुताचा नंबर सांगत, वीण कुठं सुटली आहे ते दाखवत, आणि चांगलं विणलेलं असेल तर त्यांचा चेहरा खुलत असे. कापड गिरणीचं होतं, पण विणणं त्यांचं होतं. त्यांना यात कधीच विसंगती दिसली नाही. चीनच्या बाबतीत ती मला दिसत होती, कारण तिथं मी मालकाचा हिशेब मांडला होता आणि विणकराला विसरले होते.

तरीही मन लगेच वळलं नाही. कारण त्याच कबरीत २१ तरुण स्त्रिया होत्या, १३ ते २५ वर्षांच्या. आठ जणी यीच्या दालनात, त्याच्या कुत्र्याजवळ, आणि तेरा जणी पश्चिमेच्या दालनात. त्यांतल्या काही जणी त्याच्या दरबारातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या असाव्यात, असं अभ्यासकांचं मत आहे. ते खरं असेल, तर ज्या बोटांनी ती वाद्यं वाजली, ती बोटंच त्यांच्याबरोबर पुरली गेली. घंटांचं कौतुक करताना या मुलींना बाजूला ठेवता येत नाही, आणि मी तसं करणार नाही. पण त्यांच्या मरणाचं ओझं घंटा ओतणाऱ्यावर टाकणंही न्यायाचं नाही.

मग मी छिन सम्राटाच्या मातीच्या सैन्याकडे परत गेले, आणि या खेपेला नावं शोधत गेले. ती आहेत. सैनिकांच्या अंगावर, झाकलेल्या जागी, शिक्का मारून किंवा टोकदार हत्यारानं ओरखडून लिहिलेली ऐंशीहून अधिक कारागिरांची नावं अभ्यासकांनी वाचली आहेत. काही राजवाड्याच्या कारखान्यातले, काही राजधानीच्या आसपासचे कुंभार. धडं मातीच्या वळ्या रचून केलेली, डोकी साच्यातून काढून मग प्रत्येकाच्या मिशा, कान, केसांच्या गाठी हातानं घडवलेल्या. वर लाखेचा थर आणि त्यावर रंग, त्यात तांबं आणि बेरियम वापरून कृत्रिमरीत्या केलेला एक जांभळा रंगही. शस्त्रांवरचे लेख तर पूर्ण साखळीच सांगतात: काही भाल्यांवर सर्वांत वर महामंत्री ल्यू बुवेई याचं नाव, मग कारखान्याचा अधिकारी, आणि सर्वांत शेवटी ते हत्यार घडवणारा कामगार.

ही नावं गौरवासाठी नव्हती हे मला ठाऊक आहे. वस्तू सदोष निघाली तर कुणाला धरायचं, हे कळावं म्हणून ती घालायला लावत. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकट इथल्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. हे आपण केलं, असं तो आपल्या बापाच्या नावासह सांगतो. तो लेख मला फार जवळचा वाटतो. त्या नावात मान आहे आणि छिनच्या नावांत धाक आहे, हा फरक मोठा आहे. पण शिक्षेसाठी घेतलेलं नाव दोन हजार वर्षांनी साक्षीदार होतं. सम्राटाच्या कबरीजवळच चाओबेइहू गावापाशी मजुरांचं दफनस्थळ सापडलं. काहींच्या अंगावर छपराच्या कौलाचा तुकडा ठेवलेला होता आणि त्यावर ओबडधोबड अक्षरांत गाव, पद आणि नाव कोरलेलं होतं. एका तुकड्यावर छिंगजी हे नाव आहे. गाव दोंगवू. सरकारचा दंड किंवा कर्ज अंगमेहनतीनं फेडायला आलेला, आणि पदवीच्या उतरंडीत तळापासून दुसऱ्या पायरीवरचा. तो घरी परतला नाही. कुणी तरी सोबत्यानं कौलाच्या तुकड्यावर त्याचं नाव लिहून त्याला मातीआड केलं. सम्राटाच्या कबरीइतकाच हाही त्या काळाचा अवशेष आहे, आणि मी त्या भागाकडे पाठ फिरवून बसले असते तर छिंगजी मला कधीच भेटला नसता.

आणखी एका गोष्टीनं मला हे सैन्य नव्यानं वाचायला लावलं. छिन राज्यात राजाबरोबर जिवंत माणसं पुरण्याची रूढी होती. इ.स.पू. ६२१ मध्ये मू हा राजा वारला तेव्हा त्याच्याबरोबर १७७ माणसं गेली, त्यांत राज्यातले तीन नामवंत भाऊही होते. त्यांच्यासाठी केलेला शोक चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात नोंदलेला आहे. फंगश्यांग इथं जिंग या राजाच्या कबरीत १८६ माणसांचे सांगाडे निघाले. आणि मग इ.स.पू. ३८४ मध्ये श्येन या राजानं ही रूढी बंद करण्याचा हुकूम काढला. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी त्याच घराण्यातल्या सम्राटाच्या राखणीला उभी राहिली ती मातीची माणसं. मी ज्यात केवळ अहंकाराची परिसीमा बघत होते, त्यात हीही एक पायरी होती: सैनिकांच्या जागी सैनिकांच्या मूर्ती. ही पायरी पक्की नव्हती, कारण अपत्य नसलेल्या राण्यांना सम्राटाबरोबर मरावं लागलं, असं सिमा छियानच सांगतो. तरी आठ हजार मातीच्या मूर्ती भाजल्या गेल्या आणि तेवढी माणसं घरी राहिली, या गोष्टीची किंमत मी आता कमी करणार नाही.

इथपर्यंतचा बदल मला सोपा गेला, कारण तो कारागिराच्या बाजूचा होता. पुढचा अवघड गेला. छिनच्याच राजवटीत, इ.स.पू. २५६ च्या सुमारास, सिचुआनमध्ये ली बिंग या सुभेदारानं मिन नदीवर डुजियांगयानची पाणीव्यवस्था उभी करायला घेतली. नदी अडवली नाही. बांबूच्या लांब टोपल्यांत दगडगोटे भरून, त्या रचून, पात्राच्या मधोमध एक बांध घातला. त्याला माशाचं तोंड असंच नाव आहे. त्यानं नदी दोन भागांत विभागली: आतला प्रवाह शेतीला, बाहेरचा पुराला. आतल्या प्रवाहासाठी डोंगर फोडायचा होता आणि सुरुंगाची दारू अजून जगात नव्हती. खडक आगीनं तापवायचा, त्यावर गार पाणी ओतून तडकवायचा, असं करत करत साधारण वीस मीटर रुंदीची वाट काढली. मध्ये एक बुटका बांध ठेवला, म्हणजे पूर आला की जादा पाणी आणि गाळ त्यावरून परत मुख्य नदीत जावा. आणि नियम घालून दिला, की दर हिवाळ्यात तळ खोल उपसायचा आणि बांध बुटकाच ठेवायचा.

ही व्यवस्था आजही चालते. त्यात काँक्रीट आलं आहे, मांडणी तीच आहे. चेंगडूच्या मैदानातली पाच हजार चौरस किलोमीटरहून जास्त जमीन तिच्यावर भिजते. हे काम कुणी केलं? त्याच छिन राज्यानं, तशाच सक्तीच्या मजुरीवर, आणि मनात हेतूही लढायांसाठी धान्य आणि जलमार्ग हाताशी असावेत हा. ज्या यंत्रणेनं दोंगवूच्या छिंगजीला दंडापायी कबरीवर राबवलं, त्याच यंत्रणेनं हे पाणी शेतात आणलं. सत्ता वाईट आणि कामगार चांगला, अशी सरळ वाटणी मी करत आले होते. डुजियांगयाननं ती माझ्या हातून काढून घेतली. हजारो हातांना वर्षानुवर्षं एका कामावर टिकवून धरणं हेही एक कर्तृत्व आहे, आणि ते माणसांना चिरडूही शकतं, जगवूही शकतं, हे मला मान्य करावं लागलं. त्यातलं काय घडलं हे प्रत्येक कामापाशी जाऊन वेगळं तपासावं लागतं.

काय बदललं नाही, तेही सांगते. कबरीतल्या मुलींबद्दल, कोंडलेल्या कारागिरांबद्दल माझा संताप तसाच आहे. तो काळच तसा होता, असं म्हणून मी त्यावर पडदा टाकणार नाही. त्या काळातही शोक करणारे होते आणि रूढी मोडणारा राजाही होता. संग्रहालयं सोन्या-काशाच्या वस्तूंवर भरभरून लिहितात आणि सोबत पुरलेल्या माणसांना एका ओळीत उरकतात, ही माझी तक्रार कायम आहे.

पण आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात, टाटा बंधूंनी जमवलेल्या चिनी वस्तूंच्या दालनात तरुण कार्यकर्त्यांना नेते, तेव्हा त्यांना तीन प्रश्न विचारायला सांगते: हे कसं केलं, कुणी केलं, आणि त्यासाठी कुणाला काय भोगावं लागलं. पूर्वी मी फक्त तिसरा प्रश्न विचारत असे आणि तो पुरेसा आहे असं समजत असे. पहिले दोन प्रश्न विचारल्याशिवाय तिसऱ्याचं उत्तर अपुरं राहतं. सात लाख हा आकडा मनाला सुन्न करतो, पण आकड्याला हात नसतात, कसब नसतं. घंटा आतून घासणाऱ्याचं कसब किती वर्षांत आलं असेल हे कळतं, तेव्हाच अशा माणसाला आत कोंडून दार लावणं म्हणजे काय, हे पुरतं कळतं. म्हणून मी आता या वस्तूंकडे मन लावून बघते, त्यांच्या कसबाची दाद देते, आणि ती दाद ज्याची आहे त्याच्याच नावे मांडते.